भागीरथाबाईंच्या पिवळ्या वाट्या

संक्रांतीच्या वाणातून उरलेल्या पिवळ्या वाट्या माळ्यावरून नाहीशा झाल्या, तेव्हा घरात चोर शिरला असं सगळ्यांत आधी प्रभाकररावांनीच जाहीर केलं. ते त्यांना भागच होतं, कारण वाट्या त्यांनीच नेल्या होत्या.

"पण चोर फक्त वाट्याच कसा नेईन?" भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून माळ्याकडे बघत म्हणाल्या. "बाजूले पाण्याचा पितळी गुंड होता, परात होती. त्याले हातबी नाई लावला मेल्यानं."

"आता चोराच्या मनातलं मले काय माईत?"

"अन् स्टूल घेऊन चढला, अन् पुसून पुन्हा जाग्यावर ठेवला! असा चोर पाह्यला काय कधी?"

"शिकलेला असन," असं म्हणून प्रभाकररावांनी पेपर तोंडासमोर धरला. जन्मभर वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसावर उतारवयात स्वतःच्याच घरात चोरी करायची पाळी यावी, आणि तीही प्लास्टिकच्या वाट्यांची, याला काय म्हणावं! पण कारणही तसंच होतं.

संक्रांत आटोपल्यावर भागीरथाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी दवाखान्याच्या छतावरची कोळ्याची जाळी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झाले?" ऑटोत बसून पिपरी मेघेला घरी येताना त्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. वाचता वाचता मध्येच थांबल्या. "आता सारं कसं साफ दिसते. तुमच्या परीमाशीचा पंख आता पाह्यला असता तर अजून मजा आली असती, नाई?"

बस, एवढंच बोलल्या आणि पुन्हा पाट्या वाचू लागल्या. पण ते बोलणं प्रभाकररावांच्या काळजात जाऊन बसलं.

परीमाशी या नावात परी आहे आणि माशीही आहे, पण ती या दोन्हींपैकी कोणीच नव्हे. गांधीलमाशीच्या गोतातली, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक अशी ती एक बया. तिचा पंख म्हणजे एक नाजूक दांडी, टोकाला जराशी चपटी, आणि कडेनं लांब लांब केसांची झालर. नुसत्या डोळ्यांना ती धुळीसारखी दिसते. प्रभाकररावांना ती जन्मात एकदाच सापडली होती, लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तेव्हा ते रामनगरात भाड्याच्या एका खोलीत राहत. टेकडीवरच्या गवतातून मच्छरदाणीच्या जाळीनं किडे गोळा करायचे, आणि रविवारी विभागाच्या साहेबांच्या हातापाया पडून कॉलेजचा सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर घरी आणायचे. वडनेरहून आलेली नवी नवरी स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता हे सगळं बघायची. त्या दिवशी त्यांनी तिला हाक मारली, खिडकीच्या उजेडाकडे आरसा वळवला आणि म्हणाले, "पाह्य."

हातभर हिरव्या बांगड्या सावरत भागीरथाबाई वाकल्या. डोळा लावला. आणि ओरडल्याच, "अगंबाई! किती लांब लांब केस! जितं आहे काय हो हे?"

प्रभाकररावांना आभाळ ठेंगणं झालं. इतक्या पोरांना शिकवलं, पण पहिल्याच नजरेत एवढं बारीक कोणाला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आई गावाहून आल्या आणि खिडकीतली परीमाशी ठेवलेली काचेची पट्टी मळकी दिसली म्हणून त्यांनी राखेनं घासून लख्ख करून ठेवली. संपलं! मग पेपर तपासणी आली, मुलांच्या शाळा आल्या, घराचं बांधकाम आलं. परीमाशी पुन्हा म्हणून हाती लागली नाही. भागीरथाबाई मात्र लग्नात, बारशात, हळदीकुंकवात भेटेल त्या बाईला सांगत, "आमच्या यायनं मले परीचा पंख दाखवलता." आणि प्रभाकररावांना दर वेळी वाटे, आपण हिला आयुष्यात दुसरं काही दाखवलंच नाही की काय.

तर आता हिला नवे डोळे आलेत तोवर तो पंख पुन्हा दाखवायचाच, आणि तिला कळू न देता दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. कॉलेजनं भंगारात काढलेला तोच जुना सूक्ष्मदर्शक त्यांनी निवृत्तीच्या वेळी मागून घेतला होता. राहिला सापळा. तो अगदी सोपा असतो. पिवळ्या रंगाला हे बारीक किडे भुलतात. पिवळी वाटी झाडाखाली ठेवायची, पाणी भरायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकायचा. साबणामुळे किडा पाण्यावर तरंगत नाही, सरळ बुडतो. सकाळी पाणी फडक्यातून गाळायचं की झालं. आणि पिवळ्या वाट्या तर माळ्यावर होत्याच.

होळी जवळ आली होती. घरांच्या मागच्या टेकडीवर पळस फुलला होता. प्रभाकररावांनी संध्याकाळी बाभळीच्या आणि बोरीच्या बुडाशी वाट्या मांडल्या, साबण टाकला आणि शीळ घालत घरी आले. दुसऱ्या दिवशी जरा उन्हं वर आल्यावर जाऊन बघतात तो काय, वाट्यांमध्ये नितळ पाणी! एकही किडा नाही. मुंगीसुद्धा नाही. कोणी तरी वाट्या धुऊन भरून ठेवल्या होत्या.

ते डोकं खाजवत उभे असतानाच मागून शिटी वाजली. शिटी गुलाबरावांची. गुलाबराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी शिटी खिशातून गेली नव्हती, आणि आता ते सकाळी फिरणाऱ्या मंडळींचे पुढारी होते.

"काय सर! वहिनी एवढं पुण्याचं काम करून राह्यल्या, अन् तुम्ही चूप?"

"कोनतं काम?"

"अजी, पाखराईसाठी पाणी! वाट्या त्यायच्याच ना? मेघानं पाह्यताबरोबर ओळखल्या. वाणातल्या आहे म्हने. पाणी भल्लं घाण झालतं, किडे पडलते. बायाईनं फेकलं अन् ताजं भरलं."

मेघा म्हणजे शेजारची सून. कॉलनीतल्या बायकांचा मोबाईलवरचा ग्रुप तीच चालवायची. त्या ग्रुपमधल्या प्रत्येकीच्या घरी भागीरथाबाईंच्या वाणातली तशीच एकेक पिवळी वाटी होती, तेव्हा ओळखायला कितीसा वेळ लागणार! आणि डॉक्टरांनी फिरायला सांगितल्यापासून भागीरथाबाईही रोज सकाळी याच बायकांबरोबर टेकडीवर येत.

घरी आल्यावर प्रभाकररावांनी सहज विचारल्यासारखं केलं. "टेकडीवर तुह्या वाट्या आहे म्हंते."

भागीरथाबाईंनी वरणात पळी जरा जोरातच फिरवली. "असन. ठेवल्या तर ठेवल्या. त्याचा काय गाजावाजा करायचा?"

प्रभाकररावांनी पुन्हा पेपर उघडला. आता खरं सांगायचं तर भागीरथाबाई काही खोटारड्या नव्हत्या. मेघानं "काकू, तुम्हीच ठेवल्या ना?" असं साऱ्यांसमोर विचारलं, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. चोर पुण्यवान निघाला, वाट्या तर आपल्याच, मग पुण्य अर्धं तरी आपलं, आणि चोर काही हक्क सांगायला येत नाही, असा सरळ हिशेब त्यांनी केला. म्हणाल्या, "होते तसं करतो वं बाई." झालं. एकानं चोरी केली होती, दुसऱ्याच्या पदरात तिचं पुण्य पडलं होतं, आणि दोघांनाही एकमेकांना काही सांगायची सोय उरली नव्हती.

प्रकरण इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण मेघानं वाट्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'काकूंचा आदर्श घ्या.' कॉलनीनं आदर्श घेतला. दुसऱ्या दिवशी ज्या त्या बाईनं आपल्या घरची वाणातली वाटी आणून टेकडीवर ठेवली. जिकडे बघावं तिकडे पिवळ्या वाट्या! प्रभाकररावांना आपल्या कोणत्या आणि लोकांच्या कोणत्या हेच उमगेना. मग त्यांनी संध्याकाळी दिसेल त्या वाटीत थेंब थेंब साबण टाकायला सुरुवात केली. अंधारात हात जरा सैल पडला, तो भाग वेगळा.

सकाळी टेकडीवर फेस. एका बुलबुलानं चोच बुडवली, मान झटकली आणि कडवट तोंड करून उडून गेला. गुलाबरावांनी वाटी उचलून नाकाला लावली.

"लिंबाचा वास येऊन राह्यला! हे साबण आहे!" त्यांनी शिटी फुंकली. "कोनीतरी मुद्दाम करून राह्यला, मी सांगतो. पाखराईच्या जिवावर उठला आहे कोनीतरी!"

"हात झडतीन त्याचे!" भागीरथाबाई म्हणाल्या. नवे डोळे नुसते पेटले होते. प्रभाकररावांनी दोन्ही हात हळूच मागे घेतले.

"सर, तुम्ही या लाइनमंदले," गुलाबराव त्यांच्याकडे वळले. "काय करायचं सांगा."

सरांनी वाटी उजेडात धरली, डोळे बारीक केले, हुंकार भरला. "पाणी तपासावं लागन. सारंच्या सारं घरी नेतो."

असं त्यांचं पाणी त्यांना परत मिळालं, आणि तेही कॉलनीच्या खांद्यावरून बादल्यांनी. दिवसभर त्यांनी ते पंच्यातून गाळलं. चिलटं निघाली, तुडतुडे निघाले, मुंग्या तर विचारूच नका. परीमाशी नाही. आणि पक्ष्यांचं पाणी आपण नासवलं, याची टोचणी वेगळीच लागली. त्या रात्री त्यांना वरणभात गोड लागला नाही. खुनी कोण ते कळलं का, असं भागीरथाबाईंनी दोनदा विचारलं.

तिकडे गुलाबरावांनी पहारा बसवला. पहाऱ्याचे प्रमुख कोण? अर्थात सर! शिवाय रविवारी टेकडीवरच भागीरथाबाईंचा 'पक्षीमित्र' म्हणून सत्कार करायचा ठरला. सरांनी पाखरांवर दोन शब्द बोलायचे. बायकांनी सगळ्यांनी वाट्यांना शोभतील अशा पिवळ्या साड्या नेसायच्या, हा मेघाचा हुकूम. शनिवारी भागीरथाबाईंनी कपाटातून पिवळी साडी काढली, हात फिरवला आणि पुन्हा ठेवली. पुन्हा काढली.

"काऊन, काय झालं?" प्रभाकररावांनी विचारलं.

"काई नाई. सत्कार म्हटलं की कसंतरी होते."

सत्कारानंतर टेकडीवर रोज गर्दी होणार, पाटी लागणार, मग सापळा लावणं विसराच. प्रभाकररावांनी मनाशी म्हटलं, रविवारी पहाटे शेवटचा एक प्रयत्न. पाखरं पाण्यावर यायच्या आत वाट्या उचलायच्या, आणि मग हे सोडून द्यायचं. झुंजूमुंजू झालं तसे ते बोरीखाली वाटीपाशी बसले आणि साबणाची बाटली उघडली.

"अहो...?"

समोर भागीरथाबाई. हातात पाण्याची कळशी. सत्काराच्या आधी एकदा तरी आपल्या हातानं एकटीनं साऱ्या वाट्या भराव्या, म्हणजे मनाला बरं वाटेल, म्हणून त्या उजाडायच्या आतच आल्या होत्या.

"साबणवाले तुम्ही?" मग बाटलीवरून नजर वाटीवर गेली. "अन् चोरबी तुम्हीच!"

"ऐक तर खरं..."

"स्टूल पुसून ठेवलता, तवाच मले समजाले पाह्यजे होतं! अन् मी वेडी त्या चोराले आशीर्वाद देऊन राह्यलती!"

प्रभाकररावांनी मग सगळं सांगून टाकलं. ऑटोतलं तिचं बोलणं, परीमाशी, साबण, फडकं. सांगताना त्यांना फारच लाज वाटत होती. शेवटी म्हणाले, "तुले पुन्हा एकडाव तो पंख दाखवायचा होता. बाकी काई नाई."

भागीरथाबाई जवळ आल्या. कळशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ऑपरेशनमुळे ते चोळताही येत नव्हते. "एवढ्यासाठी?" त्या हळूच म्हणाल्या. "मले नुसतं सांगतलं असतं तर मी घरातून स्वतः काढून दिल्या असत्या ना वाट्या."

तेवढ्यात खालून शिटी वाजली. "कोन आहे रे तिकडं?"

प्रभाकररावांची बोबडीच वळली. पण भागीरथाबाईंनी झटक्यात बाटली हिसकून पदराखाली घेतली आणि कळशी नवऱ्याच्या हातात दिली. गुलाबराव काठी घेऊन धापा टाकत वर आले.

"आम्ही आहो भाऊ," भागीरथाबाई पुढं होऊन म्हणाल्या. " पाणी भरून राह्यलो."

"वा! जोडी असावी तर अशी!" गुलाबराव म्हणाले, आणि मग नाक वर करून इकडेतिकडे हुंगू लागले. "लिंबाचा वास येऊन राह्यला काय?"

"मी लिंबाच्या साबणानं आंघोळ करून आली," भागीरथाबाई म्हणाल्या. लग्नानंतर एवढी वर्षं झाली, पण बायको इतकी पटकन खोटं बोलू शकते हे प्रभाकररावांना त्या दिवशीच कळलं.

उन्हं वर आली आणि कार्यक्रम सुरू झाला. भजनी मंडळाचा माईक आणला होता. बायका जमल्या, सगळ्या पिवळ्या साड्यांत. प्रभाकरराव खुर्चीवर बसले होते. सहज समोर नजर गेली आणि ते ताठ झाले. आपण चिमुकल्या वाट्या मांडत बसलो, आणि इथे तर सहावारी पिवळेच्या पिवळे सापळे टेकडीभर उभे! किडे येऊन बसतही होते. पण परक्या बायकांच्या साड्यांकडे निरखून बघायचं कसं? त्यांनी मान वळवून स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. तिथे बघायला कोणाची मनाई नव्हती.

भागीरथाबाई हार घालून माईकपाशी उभ्या होत्या. गुलाबराव बोलत होते, "या माउलीनं मुक्या जिवाईसाठी..." आणि भागीरथाबाईंच्या खांद्यावर, साडीच्या घडीवर, एक धुळीचा कण चालत होता.

धूळ चालत नाही.

प्रभाकररावांचा हात खिशात गेला. तिथे त्यांची दोन नळ्यांची बाटली कायम असे. एक नळी तोंडात धरायची, दुसरी किड्यावर ठेवायची, श्वास आत ओढला की किडा बाटलीत. ते उठले, दबकत बायकोच्या मागे गेले, खांद्यावर वाकले आणि नळी तोंडात धरून सुर्रकन श्वास ओढला.

मेघानं तोंडावर पदर धरला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई बाई, या वयात!" गुलाबरावांना काय करावं कळेना, तेव्हा त्यांनी सवयीनं शिटी फुंकली.

"सर! कार्यक्रम चालू आहे!"

भागीरथाबाई मात्र तसूभर हलल्या नव्हत्या. श्वाससुद्धा रोखून धरला होता. मान न वळवता त्यांनी विचारलं, आणि ते माईकमधून खालच्या कॉलनीपर्यंत ऐकू गेलं.

"लागलं काय हाती?"

पाखरांवरचे दोन शब्द सरांनी खरोखर दोनच बोलले आणि नवराबायको घराकडे निघाले. एवढ्या लगबगीनं ते लग्नानंतर कधी घरी गेले नसतील. प्रभाकररावांनी खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडला, काचेवर स्पिरिटचा थेंब टाकला, किडा ठेवला, आरसा उजेडाकडे वळवला. डोळा लावला. दांडी, टोकाचा चपटेपणा, कडेची झालर. तीच.

"पाह्य," ते म्हणाले.

भागीरथाबाई वाकल्या. हातात आता सोन्याच्या दोनच बांगड्या होत्या. "हो, दिसलं. तेच ते. लांब लांब केस."

"डोळा एवढा टेकवू नको. जरा मागं घे."

त्यांनी डोळा मागे घेतला. दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली. मग अगदी हळू म्हणाल्या, "अगंबाई... अहो, किती सुंदर आहे हो हे! पिसासारखं!" पुन्हा बघितलं. आणि मान वर करून म्हणाल्या, "पण हे ते नाई."

"म्हंजे?"

"तवाचं वेगळं होतं. थे लय मोठं होतं. काळे काळे केस, वाकलेले. अन् मी डोळा मिचकावला की थेही हलत होतं. म्हनून तर मी म्हटलं, जितं आहे काय."

प्रभाकरराव मटकन खुर्चीवर बसले. जन्मभर, दर वर्षी, पहिल्या तासाला एखादं तरी पोर ओरडायचं, "सर, केस दिसून राह्यले!" आणि ते न बघताच सांगायचे, "बापा, त्या तुह्याच पापण्या आहे. डोळा मागं घे." साऱ्या जिल्ह्याच्या पोरांना सांगितलं. एका बायकोला तेवढं सांगायचं राहून गेलं. कसं सांगणार? त्या दिवशी रामनगरातल्या खोलीत ते सूक्ष्मदर्शकाकडे बघतच नव्हते. वाकलेल्या त्या नव्या नवरीकडे बघत होते.

"काऊन हो, चूप काऊन झाले? थे दुसरं कोनतं होतं?"

प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलं. पापण्या आता विरळ झाल्या होत्या, एखाददुसरी पांढरीही होती. त्यांना हसू आलं.

"थे दुसरंच होतं," ते म्हणाले. "लय दुर्मिळ. याच्याहून चांगलं."

"मग थे कुठं भेटते?"

"थे? घरातच."

भागीरथाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"घरात भेटते, तर मग माह्या वाट्या टेकडीवर काऊन नेल्या?"